हबीबचाचांचा आधी घोट

दुरुस्त केलेला फिल्टर परत देताना हबीबचाचा पहिली दोन भांडी पाणी गटारात ओतत आणि तिसऱ्यातलं पेलाभर स्वतः पीत. मगच म्हणत, "हां भाभी, आता तुमी प्या. आधी मी, मंग गिऱ्हाईक."

लातूरच्या गंजगोलाईमागं त्यांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान. आमचं गाव भूकंपात गेलं, तेव्हा छावणीत परदेशी लोकांनी वाटलेला हातपंपाचा फिल्टर आमच्या वाट्याला आला. पेटीएवढा, आत पांढऱ्या मातीची कांडी. तो घेऊन मी लातूरला आले आणि पुढं क्लासच्या दहा पोरींची मेस घातली. फिल्टर चाचांच्या हवाली. दर महिन्याला ते कांडी मऊ ब्रशनं नुसत्या पाण्यात घासत. मी एकदा साबण लावला, तर केवढे ओरडले! "माती साबण पिती बाई! मंग पोरी काय फेस पितील?"

बारावीची परीक्षा तोंडावर आली आणि माझ्या हातून कांडी पडली. केसाएवढी चीर. चाचा लेकीकडं बिलोलीला गेलेले. आमच्याकडं गळक्या घागरीला लांबी लावतात, तशी मीही लावली अन् मोकळी झाले. पाणी कसं काचेसारखं दिसत होतं.

चार दिवसांनी चाचा आले. ओली कांडी बादलीत बुडवून नळीतून फुंकर मारली. चिरेतून बुडबुड्यांची रांगच लागली.

"पोरी पिऊन राहिल्या का हे?"

"चार दिवस झाले."

त्यांनी सगळ्या पोरींना अंगणात बोलावलं. "बेटा, कांडी फुटली. हे पानी नका पिऊ. कुनाला ताप आला तर लगेच सांगा."

मी भडकले. "चाचा, माझ्या पोटावर पाय देता होय!"

"तुज्या न्हाई, पोरींच्या पोटाचं बोलून राहिलो."

दोन पोरींनी मेस सोडली. दहा-बारा दिवसांनी जळकोटच्या सुनंदाला टायफॉइड झाला. पेपर बुडाले. न्यायला आलेले वडील कोपऱ्यावरच्या रसवाल्यावर घसरले, "तुज्या बर्फानंच झालं हे!" मी दारात उभी होते. गप्प राहिले.

चाचांना कळलं. "रसवाल्याचं नाव तू घेतलंस?"

"मी कुठं? त्यांनीच घेतलं."

"पन तू होतीस ना तिथं?"

पुढं सहा वर्षं ते दर महिन्याला आले. देशी कांडी बसवली, वायसर बदलले, पेलाभर पाणीही प्यायले. माझ्या घरचा चहा मात्र पुन्हा घेतला नाही. विचारलं की एकच बोलणं, "जळकोटला जाऊन ये. मंग पिऊ." मी उद्यावर ढकलत राहिले. लाज वाटायची, दुसरं काय!

परवा चाचा गेले. दुकानाच्या बंद फळ्या बघून मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी जळकोटची एसटी धरली.

सुनंदा माहेरीच भेटली, कडेवर लेकरू. त्याच साली वडिलांनी लग्न लावून दिलं होतं. परीक्षा पुन्हा दिलीच नाही. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, चीर, लांबी, चार दिवस. वाटलं, आता ही मला हाकलून देणार.

तिनं लेकराला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणाली, "त्या रसवाल्याची गाडी आमच्या बापानं दुसऱ्या दिवशी चार मान्सं नेऊन फोडली, काकू. तुमाला म्हाईत न्हवतं?"

मला माहीत होतं.