मॉरिस, हेराल्ड आणि लवू मेस्त्री

पंचेचाळीस वर्षं इंजिनात डोकं घातलेल्या माणसाचे कान जाणार नाहीत तर काय होणार? लवू मेस्त्रींचेही गेले. पण बोरीवलीत लोकांनी लगेच ठरवून टाकलं, की ऐकू न येणारा मेकॅनिक म्हणजे निकामी. एकेक गिऱ्हाईक गळालं. उरले फक्त विद्याधर साने आणि त्यांच्या दोन जुन्या विलायती गाड्या, मॉरिस मायनर आणि हेराल्ड. त्याही आता हातच्या जाणार होत्या. सान्यांचा मुलगा देवव्रत दोन्ही गाड्या एका नव्या चकाचक गॅरेजात द्यायला निघाला होता. हेराल्डची सर्व्हिसिंग तर तो गेलं वर्षभर तिथूनच करून आणत होता.

तेवढ्यात जुन्या गाड्यांची रॅली आली. एका मालकाची एकच गाडी घेणार होते. बापाला मॉरिस हवी, मुलाला हेराल्ड. शेवटी साने म्हणाले, दोन्ही मेस्त्रींना चालवू दे, ते सांगतील ती. देवव्रत नाक मुरडून म्हणाला, बरं, पण हे शेवटचं. लवूंना ओठ वाचता येत होते, हे त्या शहाण्याला कुठे माहीत? म्हाताऱ्याने ते वाचलं आणि किल्ल्यांसाठी हात पुढे केला.

रविवारी सकाळी तिघं मढच्या रस्त्याला लागले. आधी मॉरिस. निघायला आळशी, चढाला कुरकुरणारी, पण अक्साच्या पुढच्या वळणांवर रस्ता असा घट्ट धरून होती, की लवू गालात हसले. मग परत येऊन हेराल्ड. तिचा पिकअप झकास, आणि रिक्षा वळेल एवढ्या जागेत ती पुरी फिरली. देवव्रत मागच्या सीटवर खूश.

पण लवूंचं हसू मावळलं. पूर्वी डावं वळण संपलं, की हेराल्डचं स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायचं. आज ते हातांनी ओढून आणावं लागत होतं. त्यांनी आणखी दोन वळणं घेतली, तळहात सैल सोडून पाहिले आणि गाडी कडेला लावली.

पळायला हेराल्ड सरस, वळणाला मॉरिस, एवढं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, ही आता एक पाऊल पुढे जाणार नाही. देवव्रत भडकला. कालच गॅरेजवाल्याने इंजिन ऐकून पास केलं होतं ना!

लवूंनी जॅक लावला, डावं चाक काढलं, अर्ध्या तासात खालचा पितळी सांधा मोकळा केला. चाक ज्या स्क्रूसारख्या आट्यांवर वळतं, तिथे तेल घालायचं असतं. नव्या गॅरेजवाल्याने ग्रीस कोंबलं होतं. आत पाणी अडकून गंज चढलेला, आटे झिजून जवळजवळ सपाट. रॅलीत वेगात वळताना चाक आडवं पडलं असतं, आणि स्टिअरिंगवर देवव्रतच असणार होता.

देवव्रतने त्या आट्यांवरून बोट फिरवलं. चेहरा उतरला त्याचा. मेस्त्रींना ओठ वाचता येतात, सान्यांनी त्याला सांगितलं.

तसा तो लवूंच्या समोर आला, ओठ दिसतील असा उभा राहिला आणि सावकाश म्हणाला, "काका, दोन्ही गाड्या तुमच्याकडेच राहतील. मला हे काम शिकवाल?"

लवूंचा ऊर असा भरून आला, की तोंडात थेट मालवणी आली.

"उद्या नवाक ये," ते म्हणाले, "पण ह्यो पांढरो शर्ट घालू नको."