राडिसाव आणि समोरासमोरच्या खिडक्या

आमच्या अरिल्ये गावच्या बसमध्ये आजही कुणी खिडकीला हात लावला, की शेजारचा म्हणतो, "नको रे बाबा, राडिसाव ओरडेल." राडिसाव ड्रायव्हर निवृत्त होऊन वर्षं लोटली, पण त्याची दहशत काही निवृत्त झाली नाही. भर जुलैत माणसं घामानं निथळोत, कुणाला भोवळ येवो, त्याच्या बसमध्ये एका वेळी एकच खिडकी उघडायची. समोरासमोरच्या दोन उघडल्या की आरपार वारा सुटणार, तो मानेत शिरणार, आणि मग सर्दी, फ्लू, दातदुखी, काय वाट्टेल ते. आमच्याकडे त्या वाऱ्याला प्रोमाया म्हणतात, आणि देवाला न मानणारेही त्याला मानतात.

अशा ह्या माणसाला नात झाली. मुलगा नेबोयशा दूर निश शहरात राहतो, त्यामुळे छोट्या ड्युन्याला राडिसावनं फक्त फोनवर पाहिलेलं. डिसेंबरात घराण्याच्या संताचा सण असतो, त्याला सगळी येऊन आठवडाभर राहणार होती. राडिसाव हरखून गेला. रोज पाळणा पुसायचा आणि रोज बायकोच्या शिव्या खायचा.

सून तियानानं मात्र फोनवर स्पष्टच सांगितलं, "बाबा, फ्लूची साथ आहे. ड्युन्या एवढीशी, तिला लस देता येत नाही. तुम्ही आत्ताच टोचून घ्या. मग खुशाल मांडीवर घ्या."

"मला फ्लू? पोरी, आयुष्यभर बस हाकली, कधी शिंकलो नाही!"

"तुम्ही नाही शिंकलात, बाबा. अख्खी बस शिंकत होती."

राडिसावला राग आला, म्हणून तो गेलाच नाही. आज जातो, उद्या जातो करता करता सण तोंडावर आला. शेवटी बायको देसांका कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "जातोस का नाही? नाहीतर नात मी खेळवीन आणि तू अंगणात लाकडं फोड."

गेला एकदाचा. सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. नर्स म्हणाली, थोडा वेळ बाहेर बसा. बाहेर येऊन बघतो तर काय, साथीचे दिवस म्हणून दालनाच्या समोरासमोरच्या खिडक्या सताड उघड्या! राडिसावचं डोकंच फिरलं. "अरे, आजारी माणसं बसलीत इथे! मारायचंय का सगळ्यांना?" असं म्हणत त्यानं सगळ्या खिडक्या धडाधड लावल्या. मफलरात गुरफटलेल्या, तापानं फणफणलेल्या लोकांनी त्याला भरभरून आशीर्वाद दिले. नर्स दोनदा येऊन उघडून गेली, दोन्ही वेळा सगळ्यांनी मिळून परत लावल्या. शेजारच्या लालबुंद डोळ्यांच्या माणसानं मनसोक्त खोकून झाल्यावर खिशातली गोळी काढून दिली. ती चघळत, रासबेरीच्या पिकावर गप्पा ठोकत राडिसाव जेवणवेळेपर्यंत तिथेच बसला. इतका मान त्याला बसमध्येही कधी मिळाला नव्हता.

मुलं घरी पोचली तेव्हा राडिसाव तापानं कण्हत अंथरुणात. "लशीनंच घात केला!"

तियाना तोंडाला मास्क लावून दारातच उभी राहिली. "लशीला अंगात मुरायला दोनेक आठवडे लागतात. तुम्ही गेलात परवा. बरं, बसला होतात कुठे?"

"दवाखान्यात."

"खिडक्या?"

राडिसावनं दुलई डोक्यावरून ओढून घेतली. खिडक्यांचा विषय त्यानं असा टाळलेला देसांकानं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच पाहिला.

तिनं लगेच आपला दवाखाना थाटला. पायांत राकियात भिजवलेले मोजे, कपाळावर राकियात बुडवलेल्या बटाट्याच्या चकत्या. दारू एवढी, की खोलीत डोकावणाराही झिंगावा. तियाना म्हणाली, "मोजे राहू देत, आई. पण पोटात दारू नको. पाणी, गरम चहा, कोंबडीचं सूप आणि झोप."

"वा रे न्याय! पायांना मिळते आणि मला नाही?" राडिसाव आतून ओरडला.

सणाच्या दिवशी भिंतीपलीकडे पाहुण्यांची गाणी चालली होती. मधेच ड्युन्या रडली, कुणीतरी तिला उचललं आणि ती थांबली. कुणाच्या हातात गेली असेल? राडिसावनं उशीत तोंड खुपसलं. म्हातारा खरंच रडला.

तियानाची अट एकच. औषधाशिवाय अख्खा दिवस ताप आला नाही, खोकला शमला, तर निघण्यापूर्वी भेट. राडिसावनं घाईनं थर्मामीटर गार पाण्यात बुडवून दाखवला. तिनं बघितला. "बाबा, हा आकडा खरा असेल तर डॉक्टर नको, धर्मगुरूलाच बोलवायला हवं."

मग मात्र तो शहाण्यासारखा पडून राहिला. सूप प्यायला, झोपला, पुन्हा सूप प्यायला. ताप गेला आणि परत आला नाही. निघायच्या दिवशी सकाळी तियाना म्हणाली, "हात धुवा, मास्क लावा. आणि दोन्ही खिडक्या उघडायच्या."

"समोरासमोरच्या?"

"समोरासमोरच्या."

राडिसावनं टोपी घातली, मफलर गुंडाळला आणि फाशीला जाणाऱ्याचं तोंड करून खुर्चीत बसला. डोंगरावरचा गार वारा सूं करून आरपार गेला. दुलईत गुंडाळलेली ड्युन्या त्याच्या हातात आली. केवढीशी ती! तिनं डोळे बारीक करून त्याच्या टोपीकडे बघितलं आणि नाजूकशी शिंकली.

"प्रोमाया!" देसांका किंचाळत खिडकीकडे धावली.

"खबरदार, लावशील तर!" राडिसाव गरजला. त्यानं मफलर सोडून दुलईभोवती गुंडाळला, उघडी मान वाऱ्याकडे केली आणि पाठीच्या आडोशाला पोरीला घेऊन बसला.

नेबोयशानं खालून गाडीचा हॉर्न वाजवला.

"वाजवू दे त्याला," राडिसाव तियानाला म्हणाला. "पोरी, अजून थोडा वेळ."