मोलच्या तोंडातलं गाजर

एका खोलीत तीन माणसं वर्षभर बसली की किस्से साठतातच. आमचे मला आंघोळीच्या वेळी आठवतात, आणि मी लाजेनं तांब्या हातात धरून नुसती उभी राहते.

सीडी-रॉमचे दिवस होते. कानडी मुलखात, बोम्मसंद्र्याच्या ऑफिसात आम्ही अमेरिकन मुलांसाठी प्राण्यांची सीडी करत होतो. मी नागपूरची बी.एस्सी. झूलॉजी, म्हणून मजकूर आणि तपासणी माझ्याकडे. चित्रं अण्णांची. अण्णा जवळच्याच आनेकलचे, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच मराठी. ही सीडी नीट झाली की त्यांची नोकरी पक्की होणार होती.

*

पहिलाच विषय, गोफर आणि मोल यांच्यातला फरक. दोघंही जमिनीखाली राहणारे, आणि आम्ही एकालाही पाहिलेलं नाही!

खोलीतले तिसरे, आमचे वरिष्ठ सर म्हणाले, "आपली घूस बघून अंदाज घ्या."

अण्णांनी शेतातून पिंजऱ्यात घूस आणली. ती हलली, आणि मी किंचाळत खुर्चीवर! सर क्लायंटशी फोनवर होते. "नो, नो," ते म्हणाले, "दॅट इज अवर झूलॉजिस्ट."

*

मी मुलांसाठी लिहिलं: गोफर मोठ्या दातांनी मुळं कुरतडतो, गालाच्या पिशव्यांत खाऊ भरतो. मोल फावड्यासारख्या पंजांनी खणतो, गांडुळं खातो.

"एक शाकाहारी, एक मांसाहारी," अण्णा म्हणाले. "आमच्या घरी बायको आणि मी!"

*

अण्णांचा मोल अगदी बरोबर होता. डोळे जवळजवळ नाहीतच, तोंडात वळवळतं गांडूळ. मी दचकून मागे सरले.

"मुलं घाबरतील हो! डोळे द्या, दोन दात द्या. आणि गांडुळाऐवजी गाजर."

"अक्का, मग हा गोफरच झाला की!"

"स्वल्प गोड दिसू दे ना!"

त्यांनी बदललं. मी सही केली.

*

क्लायंटचा फॅक्स आला: मोल गाजर का खातोय?

"अण्णा, मजकूर वाचता की नाही?" सर कडाडले. "तुमच्या कन्फर्मेशनचं आता बघू."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टेपलरमध्ये पिना भरायला घेतल्या. स्टेपलर भरलेलाच होता.

दुपारी अण्णांनी नेहमीसारखा डबा पुढे केला. पोट बिघडलंय, असं मी सांगितलं. तर ते कॅंटीनमधून माझ्यासाठी ताक घेऊन आले!

*

शनिवारी सीडी वापरून बघायला सरांनी स्टाफच्या मुलांना बोलावलं. अण्णांची सात वर्षांची मुलगी चित्रा कॉम्प्युटरपुढे बसली. पडद्यावर अजून गाजरवालाच मोल होता.

"अप्पा," तिनं वडिलांना विचारलं, "मोल तर गांडूळ खातो ना?"

"बघा," सर म्हणाले, "पोरीला कळतं!"

"अप्पांनी चित्रात गांडूळच काढलं होतं! मी घरी पाहिलंय. गाजर कोणी दिलं?"

अण्णा जमिनीकडे बघत होते.

"मी," मी म्हणाले. "मला भीती वाटली."

चित्रानं मला नीट निरखून पाहिलं.

"गांडुळाची, की सरांची?"