आधी पंपाक पाज

‘‘आधी तेका पाज,’’ असं म्हणत मिस्त्री माझ्या हातातला तांब्या घ्यायचे आणि पंपाच्या तोंडात ओतायचे; कोरडा पंप पाणी धरत नाही. पाणी मी त्यांच्यासाठी आणलेलं असायचं. आधी पंप प्यायचा, उरलं तर मिस्त्री.

आमच्या गावात, मिठबावात, त्यांचा हात न लागलेला पंप शोधून सापडणार नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला, मूठ कानाला, आणि चेहरा असा गंभीर की आमचा डॉक्टरही माझी छाती इतक्या मायेने तपासत नाही.

निवृत्तीनंतर मी काजूच्या बोंडांची वाइन घरी करायला लागलो. रस आंबला की तळाचा गाळ न ढवळता वरची वाइन दुसऱ्या पिंपात काढावी लागते. पिंप उचलायला कंबर नाही म्हणाली, म्हणून मी आंब्याच्या फवारणीचा पंप काढून मिस्त्रींपुढे ठेवला.

‘‘ह्यो कित्याक?’’

‘‘वायनीसाठी. साबणान धुतलंय हां.’’

‘‘पावणे मारूचे आसत काय रे, मेल्या?’’

मग त्यांना न विचारता मी तारकर्लीच्या मेहुण्याकडून होडीतलं पाणी उपसायचा पंप आणला. सगळ्या वाइनला बांगड्याचा वास लागला. मिस्त्रींनी एक घोट घेतला आणि बराच वेळ समुद्राकडे बघत राहिले.

‘‘बरा केलंस. आता वायनीबरोबर मासे घेवक नको.’’

हसा, हसा. तेव्हा मात्र मी हट्टाला पेटलो. या माणसाच्या तोंडून माझ्या वाइनला एकदा तरी ‘बरी आसा’ म्हणवून घ्यायचंच.

तिसरा पंप त्यांनीच निवडून दिला. छोटा, स्टीलच्या तोंडाचा, खाण्यापिण्याच्या वस्तूंसाठीचा. तो मी पाणी भरलेल्या पिंपाच्या वर, फळीवर, दिसायला छान म्हणून बसवला. बटण दाबलं. पंप किंचाळला, थेंब आला नाही.

‘‘खाली ठेव तेका. तो ढकलता, ओढणा नाय. आणि पाजलंस?’’

पाजला नव्हता. पाजायचं मी दर वेळी विसरायचो.

पुढची वाइन तयार व्हायच्या आतच मिस्त्रींची मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. गुडघे गेले होते. तिथे चौथ्या मजल्यावर नळ सोडला की पाणी येतं.

परवा वाइन काढायला बसलो. बटण दाबलं, पंप किंचाळला. घाबरून पुण्याला फोन लावला आणि तो पंपाशी धरला. ‘‘मिस्त्रीनू, आयका जरा.’’

‘‘मेल्या, पाजलंस नाय! पाणी नको, वायनच पाज.’’

वाइन पाजली. पंपाने लगेच धरलं. मी एक घोट चाखला. बांगडा नाही, काही नाही, नुसता बोंडांचा वास!

‘‘मिस्त्रीनू, यंदा जमली! बाटली धाडतंय.’’

‘‘ती र्‍हवांदे. फोन हलव नको. हय पुण्याक पंप नाय, काय नाय. आयकांदे.’’

मी फोन धरून बसलो. बऱ्याच वेळाने आवाज आला, ‘‘बरो चलता.’’

ते पंपाला होतं. मी माझ्या वाइनला लावून घेतलं.

तेवढ्यात पिंप तळाला आलं. पंप कोरडा चालला तर जळतो. मी तो बंद केला.

‘‘बंद कित्याक केलंस?’’

मी पंपाच्या दोन्ही नळ्या पाण्याच्या एकाच बादलीत सोडल्या, न विसरता पंपाला पाजलं आणि बटण दाबलं. फोन पुन्हा पंपाशी धरला.

बायको दारात येऊन उभी राहिली. ‘‘अवो, बादलीतला पाणी बादलीतच कित्याक फिरवतास?’’

मी फोन पंपाच्या आणखी जवळ नेला आणि तोंडावर बोट ठेवलं.