दाजींचा गुरुवार

विमान खराब हवेत कोसळलं. ढगांवर चिडण्यात अर्थ नाही. धावपट्टी दिसत नसताना उतरायचा प्रयत्न का केला, हे चौकशीवाल्यांनी शोधावं, आणि नीट शोधावं. माझा संताप आहे तो नंतर आमच्या घरात उच्चारलेल्या एका शब्दावर.

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, त्या विमानात होते. महाळुंग्याच्या एका कंपनीत ते मेंटेनन्स बघायचे. कंपनीच्या परराज्यातल्या कारखान्यात प्रेस मशीन बंद पडलं, म्हणून साहेबांनी त्यांना गुरुवारच्या विमानाने पाठवलं. विमानतळावरून त्यांनी बहिणीला फोन केला होता. "बाहेर धो धो चाललंय. उद्या जातो म्हटलं, तर साहेब ऐकायला तयार नाही."

दहावा झाल्यावर मुख्य कार्यालयातले एक अधिकारी थेरगावला बहिणीच्या घरी आले. दुःख व्यक्त करून झालं, चहा झाला, मग म्हणाले, "अपघात गुरुवारी झाला. गुरुवारी तुमच्या प्लांटला सुट्टी. त्यामुळे हा प्रवास खाजगी धरावा लागेल."

खाजगी! भरपाईचा प्रश्न होताच, तो मी लपवत नाही. पण आतल्या खोलीत दाजींची आई बसली होती. तिने तो शब्द ऐकला आणि सुनेला हाक मारली. "घरी काय सांगून गेला, आन् गेला कुठं ग त्यो?" ज्या बाईचा मुलगा गेला, तिच्या मनात या माणसाने चहा पिता पिता संशय घातला.

आमच्या पट्ट्यात कारखाने गुरुवारी बंद असतात, हे खरं. म्हणून तर साखरपुडे, वास्तुशांती आम्ही गुरुवारी धरतो. पण मशीन उघडायला मिळतं तेही गुरुवारीच. मेंटेनन्सवाल्याचा खरा कामाचा दिवस तो. दाजी एकाही कार्याला वेळेवर आले नाहीत. "काय दाजी, कंपनीचा गुरुवार धरलाय का? उद्यापन कधी?" असं आम्ही चिडवायचो. शिवाय त्या परराज्यातल्या कारखान्याची सुट्टी रविवारी. हे सगळं मी अधिकाऱ्यांना सांगितलं. ते म्हणाले, "वर कळवतो."

बहीण पुढे आली. ती म्हणाली, "वर नको. ज्यांनी पाठवलं त्यांना आत्ता लावा. स्पीकरवर."

"ताई, असं बरं दिसत नाही."

"खाजगी बरं दिसतं?"

त्यांनी फोन लावला. समोर कोण बसलंय याची साहेबांना कल्पना नव्हती. "हो, मीच पाठवलं. पाऊस थांबायची वाट बघत बसलो असतो तर डिस्पॅच बोंबलला असता," ते सहज बोलून गेले. अधिकाऱ्यांनी घाईघाईने फोन बंद केला. पाऊस आहे हे माहीत होतं, तरी पाठवलं. आणि माणूस गेल्यावर म्हणे सुट्टी होती! मी काही बोलणार, तेवढ्यात बहिणीने हाताने मला थांबवलं.

"आता हेच आत जाऊन सासूबाईंना सांगा. तुमच्या तोंडानं."

ते उठले, आत गेले, म्हातारीसमोर खाली बसले. "आजी, ते कंपनीच्याच कामाला गेले होते."

म्हातारीने मान वर केली.

"व्हय? मग मगाशी भाईर दुसरंच काय बोलत व्हतास?"