मागच्या शिफ्टवर ढकलायचं

मंडळी, आज डोकं उठलंय.

आमच्या चाकणच्या कंपनीत सकाळी तयार पार्ट्सचा अख्खा ट्रे रिजेक्ट झाला. मॅनेजरनं विचारलं, "कोणाचं काम?" नवीन लागलेला ओंकार सरळ म्हणाला, "सर, माझं. सेटिंग माझ्याकडून चुकलं." लगेच त्याला मशीनवरून काढून पॅकिंगला बसवलं.

चहाला माझ्याच वयाचे जाधव त्याला म्हणाले, "भावा, असं कबूल करायचं नसतं. मागच्या शिफ्टवर ढकलायचं." सगळे हसले. मीही हसलो.

हाच ओंकार शिफ्ट सुटली की मिनिटभर थांबत नाही, म्हणून आम्हीच रोज बोंबलतो, "या पोरांना जबाबदारीच नको!"

संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये तो शेजारी बसला. हळूच म्हणाला, "काका, पुढच्या वेळी काय सांगू?"

तेवढ्यात माझा चिखलीचा स्टॉप आला आणि "उद्या बोलू" म्हणत मी उतरलो. तुम्ही काय सांगितलं असतं?