भरलेली बॅग

अक्कांची बॅग कायम भरलेली असे. वर्गातल्या कपाटावर, सुतळीनं करकचून बांधलेली. नवरा आणि मुलगी कलबुर्गीला; सीमाभागातल्या, निर्ण्यापलीकडच्या या गावात मराठी शाळेच्या त्या एकट्या बाई. बदली मंजूर होती, पण आदेशाखाली एक ओळ होती : पर्यायी शिक्षक तयार झाल्यावर सोडावे. पर्यायी शिक्षक येत आणि दिवाळीच्या आत पळत. या ओळीनं किती संसार दोन गावांत फाडलेत, ते खात्यातल्या एखाद्या साहेबाला विचारून बघा. फाइल मागवतो म्हणेल.

कन्नड आणि मराठी शाळा एकाच इमारतीत, स्टाफरूमही एकच. मी पर्यायी शिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा कुणी खुर्ची सरकवली नाही. कन्नड शाळेचे खेळाचे मास्तर डब्यातून मान वर न करता म्हणाले, "जाणाऱ्या माणसाची ओळख कामून करायची, मॅडम?"

मी चळवळीत वाढलेली. संध्याकाळी निषेधाचं पत्रक लिहिलं आणि स्टाफरूमच्या दारावर डकवलं. सकाळी अक्कांनी ते नखानं खरवडून काढलं.

"दाराशी काय भांडायलीस? आत बसून भांड."

दुपारी त्यांनी माझाच डबा ओढला, भाकरी मोडून मास्तरांच्या डब्यात टाकली आणि कन्नडमध्ये काहीतरी बोलल्या. सगळे हसले.

"काय म्हणालात?"

"म्हणलं, भाकर जाड हाय, पण पोरगी टिकंल."

त्या दिवसापासून माझा डबा मध्ये उघडू लागला.

एका खोलीत दोन इयत्ता शिकवायची त्यांची रीत होती. "एकाचं तोंड चालू, तवा दुसऱ्याचा हात चालू." तिसरी पाढे म्हणत असताना चौथी लिहीत असे. मी दोन्ही इयत्तांना एकदम बोलायला लावलं की खोलीचा बाजार होई. अक्का दारात पाठ टेकून बघत, मध्ये पडत नसत. हळूहळू मला जमलं. तेव्हा लक्षात आलं.

"अक्का, तुम्ही मला अडकवायलात."

"व्हय. तू पक्की झालीस की मी सुटले. लपवून न्हाई, सांगून अडकवायलेय."

मला संताप आला, पण अक्कांवर काढता येईना. मी गेले तर त्या अडकतात, दोघी गेलो तर शाळेला कुलूप. असा सापळा रचणारे मात्र खुशाल पंख्याखाली बसलेले.

मी राहिले. अक्का सुटल्या.

निघताना त्यांनी सुतळी सोडून मला बॅग दाखवली. आतल्या साड्या घडीवर विरल्या होत्या.

"भरलेली बॅग दिसली की माणसं जीव लावत न्हाईत, पोरी. मलाबी कुठं लावला?"

बसपर्यंत पोचवायला आख्खी स्टाफरूम आली होती. बॅग खेळाच्या मास्तरांनी उचलली.

आता दुपारी डबा मीच मध्ये ठेवते. मास्तर भाकरीला नावं ठेवत खातात. माझ्या जागी कुणी आलेलं नाही. कपाटावरची जागा रिकामी आहे, आणि रोज वर्गात शिरताना माझी नजर आधी तिथं जाते.